अमावस्येचं तिकीट

आबा,

ते तिकीट अमावस्येचं म्हणून स्वस्त नव्हतं हो. कडाक्याच्या थंडीत युरोपला कुणी जात नाही, म्हणून स्वस्त होतं. त्या थंडीतली अमावस्या नेमकी आईच्या निघायच्या मंगळवारी आली, त्याला विमान कंपनीने काय करायचं? तेव्हा हे तुम्हाला दहा वेळा सांगितलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी पोळ्या लाटताना मी अजून मनातल्या मनात तेच सांगत असते, आणि तितकीच चिडते.

सत्तरच्या दशकातले ते दिवस. ताई लग्न होऊन जर्मनीला गेलेली, पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं. भावजी शिफ्टला गेले की घरात एकटी, भाषा येत नाही, शेजारी कुणी बोलत नाही. तिच्या प्रत्येक पत्रात शेवटची ओळ एकच, "आई येते ना?" मी शाहूपुरीत एका ट्रॅव्हल एजंटाकडे टायपिस्ट होते. नेहमीच्या भाड्यात आईला पाठवणं तुमच्या मास्तरकीच्या पगारात कसं जमणार? म्हणून मी महिनाभर मुंबईच्या एजंटांना पत्रं पाठवत होते, ट्रंक कॉल लावून तासन्‌तास बसत होते. एकाकडे जागा असायची तर तारीख ताईचे दिवस भरल्यानंतरची, दुसऱ्याकडे तारीख बरोबर पण वाटेत दोन ठिकाणी विमान बदलायचं. आईला ते कसं जमावं? शेवटी एक सापडलं. आडहंगामातलं, सरळ फ्रँकफर्टपर्यंत. अट एकच, तारीख बदलायची नाही, रद्द केलं तर पैसे विसरायचे. मी उड्या मारत घरी आले. तुम्ही तिकीट हातात घेतलंत, चष्मा लावलात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलात.

"मंगळवारी अमावस्या हाय. अमावस्येला घरातनं पाऊल बाहेर पडायचं न्हाय."

"आबा, तारीख बदलत नाही त्याची."

"मग आनलंस कशाला?"

हायस्कुलात भूगोल शिकवायचात तुम्ही! पृथ्वीचा गोल फिरवून पोरांना ग्रहणं समजावणारा माणूस, आणि आपल्याच लेकीच्या बाळंतपणात अमावस्येला भ्याला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सोमवारीच निघावं तर मुंबईत रात्र काढायला आपलं कुणी नव्हतं. मग तुम्हीच तोडगा काढलात, प्रस्थान ठेवायचं. चांगल्या दिवशी सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवलं की प्रवास तेव्हाच सुरू झाला, मग माणूस अमावस्येला निघालं तरी चालतं. रविवारी सकाळी आईची बॅग तुम्ही शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवलीत. आत डिंकाचे लाडू, अळीव, जुन्या लुगड्याची शिवलेली झबली. एवढ्यावर भागलं असतं. पण प्रस्थान कसं पक्कं पाहिजे, म्हणून पासपोर्ट आणि तिकीटही त्यातच टाकलंत. वर म्हणालात, "आता ही बॅग परत या उंबऱ्याच्या आत येता कामा न्हाय."

मंगळवारी दुपारची मुंबईची बस होती, विमान दुसऱ्या दिवशी पहाटे. अकराच्या सुमाराला तुम्ही बॅग आणायला गेलात आणि काकूंच्या दाराला हे भलंमोठं कुलूप. त्यांची बहीण पडली, माकडहाड मोडलं, म्हणून त्या सकाळीच जयसिंगपूरला गेल्या होत्या. मी म्हटलं, कुलूप फोडा. तुम्ही ओरडलात, "बाईमानसाच्या घराचं कुलूप फोडू? डोस्कं फिरलंय काय तुजं?" आणि तसेच एसटी स्टँडकडे धावलात. जयसिंगपुरात पत्ता माहीत नाही, गल्लीगल्लीत विचारत फिरलात. दिवेलागणीला किल्ली घेऊन आलात तेव्हा बस केव्हाच गेली होती, टॅक्सीनेही विमान गाठणं शक्य नव्हतं. आई नवं लुगडं नेसून दुपारपासून तशीच खुर्चीवर बसलेली होती. तिने तुम्हाला पाणी दिलं आणि लुगडं बदलायला आत गेली.

दुसरं स्वस्त तिकीट मिळालं नाही. मी पुन्हा महिनाभर डोकं आपटलं, पण उरलेल्या जागा गेल्या, मग भाडी चढली. ताई एकटीच बाळंत झाली. तिने लिहिलं, "नर्सचं बोलणं मला कळत नव्हतं. मी आई, आई म्हणून ओरडत होते, तेवढं मात्र तिला कळलं असावं." ते पत्र आईने कितीदा वाचलं ते मी पाहिलंय. नातेवाईक तुम्हाला तोंडावर बोलले. पुढच्या वर्षापासून आपल्या भिंतीवर कॅलेंडर लागलं नाही.

त्या मंगळवारी सकाळी मी नळावर होते. काकू पिशवी घेऊन घाईघाईने आल्या. "अगं, मी चाललोय बघ जयसिंगपूरला, कवा येतोय काय सांगता येत न्हाय. ती बॅग तेवडी घेऊन जा की." मी घागर खाली ठेवली नाही. "ती आमच्या उंबऱ्याच्या आत यायची नाही काकू, आबांचा हुकूम आहे," म्हटलं. तुमच्याच आवाजात, तुमच्यासारखं बोट वर करून. वाटलं, किल्ली माझ्याकडे देऊन जातील, ती मी लपवली की तासभर तुमचा जीव टांगणीला लागेल, चांगली अद्दल घडेल. काकूंना बस गाठायची होती. त्या "बरं बाई" म्हणून गेल्या, किल्लीसकट. तुम्ही किल्ली मागायला गेलात तेव्हाही आणि पुढेही त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. हुकूम खरंच तुमचा आहे, असंच त्या शेवटपर्यंत समजत राहिल्या.

ताईला पत्र तुम्ही मला तोंडी सांगितलंत, माझं अक्षर चांगलं म्हणून. "सगळी चूक माझी, दुसऱ्या कुणाची न्हाय." मी ते जसंच्या तसं सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली तुमची सही घेतली आणि पोस्टात टाकून आले.

हे खरं तर ताईलाच लिहायला हवं. ती अजून आहे, पत्ताही तोच आहे. तिने वाचलं तर काय, या भीतीने तुम्हाला लिहितेय.