भट्टीपाशी उभा राहणारा

राहुरी,
१७ ऑगस्ट २०२५

चि. नीलांबरीस,
नृसिंहकाकाचे ओंजळभर आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम, म्हणजे गुडघे सोडून.

पत्र कशाला, फोन करा, असं तू मागे म्हणालीस. पण बाळ, फोनवर मला निम्मंच ऐकू येतं, आणि उरलेलं निम्मं मी मनाने रचतो. त्या रचलेल्या निम्म्यात नेहमी काहीतरी वाईटच घडलेलं असतं. कागदावर तसं होत नाही. कागद थांबतो माझ्यासाठी.

आज रविवार, म्हणून शाळेपुढून हळूहळू चालत गेलो. वर्ग रिकामे, खिडक्या उघड्या. माझ्या वर्गाच्या खिडकीशी उभा राहून एक जुनी कविता चालीवर म्हटली. शिपाई लांबून बघत होता, हसला असावा. पूर्वी साठ पोरं माझ्यामागून ती म्हणायची आणि शेवटच्या ओळीला भिंतीसुद्धा गुणगुणतात असं वाटायचं. तुझ्या बापाला मात्र या कशाचं काही नव्हतं. मी घरी मोठ्याने कविता म्हणायला लागलो की सुहास चिमट्याने चुलीतले निखारे उलटेपालटे करत बसायचा. आई म्हणायची, एकाला शब्दांचं वेड आणि दुसऱ्याला विस्तवाचं, मी जेवायला कुणाला वाढू?

त्याच विस्तवाबद्दल लिहायचं आहे. आषाढात तू मला तुझी फाउंड्री दाखवलीस. लोखंड पाण्यासारखं हेलकावत होतं आणि भट्टीच्या चौथऱ्यावर माझा सुश्रुत उभा होता. त्या उजेडात मला त्याचा चेहरा ओळखू आला नाही. पोटच्या पोराचा चेहरा! तू म्हणालीस, काका, भिऊ नका, भट्टीभोवती तांब्याच्या नळीचं वेटोळं आहे, त्यातून सतत गार पाणी फिरतं, म्हणून भट्टी स्वतः वितळत नाही. तेव्हा मला धीर आला. परत येताना एसटीत लक्षात आलं की तू मला दुसरंच काहीतरी सांगितलंस: पाणी थांबलं तर?

आता सुश्रुत म्हणतो की विजेचा खर्च कमी करायला तू कुणी तपासनीस आणलास आणि तो पाण्याचा पंप हळू चालवायला सांगतो आहे. खरं का हे? खुलासा कर.

लोभ तुझा आहेच, तो उत्तरातून दिसू दे.
तुझा,
नृसिंहकाका


नागापूर एमआयडीसी, नगर,
२४ ऑगस्ट २०२५

ती. काकांच्या चरणी,
नीलांबरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. शिपायाची मला दया येते. आणि कानातलं यंत्र डबीत ठेवलं की कमीच ऐकू येणार, हेही विनंतीत धरा.

आता खुलासा. काका, विजेचं बिल मोबाईलवर आलं की मी आधी चहा पिते, मग उघडते. आमच्या धंद्यात कच्च्या मालाखालोखाल सगळ्यात मोठा खर्च विजेचा. बाबांच्या वेळचं एक जुनं गिऱ्हाईक गेल्या महिन्यात गुजरातेत गेलं. वाईट वाटून घेऊ नका म्हणाले, तिकडं स्वस्त पडतं. अजून एक गेलं तर मला कुलूप लावावं लागेल. भट्टीचं लाल लोखंड बघून तुम्हाला जे होतं ना, ते मला त्या कुलपाच्या विचाराने होतं.

म्हणून तपासनीस आणला. माणूस बरा निघाला. हवेच्या नळ्या जागोजागी फुसफुसत होत्या, ती हवा म्हणजे फुकट गेलेली वीज. भट्टीचं झाकण आमची माणसं उघडंच ठेवायची, उष्णता सगळी छपराला. दिवसा वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग, तर वितळवण्याचं काम उजेडातच उरकायला घेतलं. आणि पंप. बाबांनी तो दोन भट्ट्यांसाठी घेतला होता, दुसरी भट्टी कधी आलीच नाही. मग एकीसाठी एवढं पाणी कशाला ढकलायचं? वेग कमी केला. बिल खरंच उतरलं.

एक अडचण झाली, तुमच्यापासून लपवत नाही. पाण्याचा दाब कमी झाला की भोंगा वाजतो आणि भट्टी आपोआप बंद पडते. हळू पंपावर तो उठसूट वाजायला लागला, निम्मा दिवस वाया. म्हणून तो किती दाबाला वाजावा ते मी खाली आणलं. सुश्रुत यावरून माझ्याशी भांडला. म्हणाला, ताई, कुत्रं भुंकतं म्हणून त्याचं तोंड बांधायचं का? मी ऐकलं नाही. तेव्हापासून तो रोज सकाळी तापलेलं पाणी गार करणाऱ्या कूलिंग टॉवरवर चढून पाण्याचा हौद बघतो आणि दर खेपेला नळ्यांना उलटा हात लावून त्या किती तापल्यात ते पाहतो. सगळे त्याला वैद्यबुवा म्हणतात, नाडी बघतो म्हणून. असा माणूस तिथे असताना तुम्ही कशाला भिता?

माया आटू देऊ नये, तिला कोणताही तपासनीस हात लावणार नाही.
आपली,
नीलांबरी


राहुरी,
७ सप्टेंबर २०२५

चि. नीलांबरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी धीर धरायला हवा होता. उलट झालं. नळीला हात लावणारा माझाच मुलगा, म्हणजे ती फुटली तर सगळ्यात जवळ तोच.

गणपतीत तो दोन दिवस आला होता. मोदक वळताना त्याच्या मनगटावरचे केस जळालेले दिसले. मी विचारलं तर म्हणाला, नाना, ते होतंच. होतंच! मी त्याला लहानपणी नदीची, पाखरांची गाणी शिकवली. मला वाटायचं हा कुठेतरी झाडांत, सावलीत काम करील. त्याची आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच बोलणारे उरलो. हल्ली दुपारी डोळा लागला की मला तो चौथरा दिसतो. त्यावर कुणीच उभं नसतं आणि उजेड मात्र असतो.

नीलांबरी, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. त्याला तिथून हलव. ऑफिसात बसव, रोजच्या विजेचे आकडे बघायला माणूस हवाच असेल ना तुला? त्याला वाटू दे की ही तुझीच गरज आहे. मी लिहिलं हे त्याला सांगू नकोस. तो मानी आहे, ऐकायचा नाही.

सुहास असता तर त्याने मला हसून उडवलं असतं. तू हसू नकोस.

जीव तुझ्या हवाली करून, लोभाची वाट पाहतो.
नृसिंहकाका


नागापूर एमआयडीसी, नगर,
२१ सप्टेंबर २०२५

ती. काकांस शि. सा. न.

तुमचं काम झालं. सोमवारपासून सुश्रुत ऑफिसात बसतो. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, मग तिसऱ्या दिवशी आकडे घेऊन आला की हवेचा कॉम्प्रेसर जेवणाच्या सुट्टीतही चालू राहतो, ते कुणी बघतं का. म्हणजे राग गेला असं समजायचं.

भट्टीवर आता वैजनाथ. जेऊरचा, आधी साचे भरायला होता, हाताला चांगला आहे. मी सांगितलं तर डोकं खाजवत म्हणाला, ताई, ही बढती हाय का शिक्षा, तेवढं सांगा, घरी रेश्मा इचारंल. सगळे हसले. सुश्रुत हसला नाही. त्याने वैजनाथला सकाळभर सगळं दाखवलं, पण टॉवरवर चढणं हे काही कामाच्या यादीत नाही, ती त्याची स्वतःची खोड. ती कुणाला सोपवायची हे ना त्याला सुचलं ना मला.

उद्या घट बसतील. खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेला या. भट्टी बंद असेल, तेव्हा न भिता बघता येईल.

आपला आशीर्वाद आहे तोवर काळजी नाही, असं लिहिते आहे, पण का कोण जाणे मन थाऱ्यावर नाही.
आपली,
नीलांबरी


नगर,
५ ऑक्टोबर २०२५

ती. काकांस,
आधी हे वाचा: सुश्रुत सुखरूप आहे. नमस्कार नंतर.

खंडेनवमीला तुम्ही आला नाहीत. आम्ही दरवर्षीसारखं सगळं धुऊन पुसून हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला. यंदा मीच म्हणाले, ज्यांनी वीज वाचवली त्यांचाही मान करू, पंपाचा आणि कूलिंग टॉवरचा. माणसांनी हौसेने टॉवरला वरपासून खालपर्यंत माळा सोडल्या. इतका देखणा दिसत होता की मी फोटो काढला.

दसऱ्याची सुट्टी झाली. शुक्रवारी सकाळी भट्टी लावली. टॉवरचा पंखा फिरायला लागला तशा सुकल्या पाकळ्या झडून हौदात पडल्या आणि पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर जाऊन बसल्या. पंप आधीच हळू. पाणी कमी कमी होत गेलं. भोंगा वाजला नाही, कारण तो मी खाली आणून ठेवला होता. आणि हौद बघणारा माणूस ऑफिसात आकडे भरत होता.

एक नळी फुटली. उकळतं पाणी आणि वाफ वैजनाथच्या मानेवर, खांद्यावर, उजव्या हातावर आली. त्याच हाताने त्याने भट्टीची वीज तोडली, ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं आणि मग खाली बसला. सुश्रुत पळत आला, त्याने फुटलेल्या नळीची चावी बंद केली आणि अडीअडचणीसाठी ठेवलेल्या उंचावरच्या टाकीचं पाणी उरलेल्या वेटोळ्यात सोडलं. भट्टी काठोकाठ भरलेली होती. पाणी आत त्या लोखंडात उतरून स्फोट झाला असता तर आज तुम्हाला पत्र लिहायला आमच्यातलं कुणी नसतं.

वैजनाथ इथेच नगरला दवाखान्यात आहे. मांडीची कातडी काढून हाताला लावणार. जीव वाचला, पण बोटं मिटतील का, हे डॉक्टर आत्ता सांगत नाहीत. त्याच्या बायकोने, रेश्माने, फक्त विचारलं, ताई, उजवाच हात व्हय?

पंप पूर्वीसारखा केला. भोंगा मूळ जागी नेला, त्याला आता कुणी हात लावायचा नाही. टॉवरला जाळी बसवली. झाकण, हवेच्या नळ्या, दिवसाचं काम, वाचवायचं ते तिथे वाचवीन. बिल वाढेल. कुलपाची भीती गेलेली नाही काका, तिच्यापुढे आता दुसरी येऊन बसली आहे.

सुश्रुत परत परत विचारत होता की त्याला नेमकं तेव्हाच का हलवलं. मी तुमच्या पत्राचं सांगितलं. माफ करा. खोटं बोलायची ताकद नव्हती.

लोभ ठेवायचा की नाही, तुम्ही ठरवा.
नीलांबरी


नगर,
९ ऑक्टोबर २०२५

ती. नानांस सा. न.

मी कालपासून भट्टीवर परत आहे. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहितो.

मला राग आला होता. दोन पत्रं लिहून फाडली. तुम्ही भ्यालात, त्याचा राग नाही. मीही रोज भितो. भितो म्हणूनच नळीला हात लावतो. पण तुम्ही मला न विचारता माझी भीती उचलून दुसऱ्याच्या अंगावर ठेवलीत, आणि तिच्याबरोबर काय काय बघायचं असतं, ते त्याला कुणी दिलं नाही. त्यात मीही आलो. मी दोन दिवस ताईवर रुसून बसलो, तेवढ्यात हौदाचं त्याला सांगता आलं असतं. चौथरा रिकामा राहत नाही, नाना. मी उतरलो की कुणीतरी चढतो.

काल वैजनाथपाशी बसलो होतो. हाताला पट्ट्या, मान वळत नाही, तरी थट्टा सुटत नाही. म्हणाला, वैद्यबुवा, नाडी बघा की माझी. मग म्हणाला, साहेब, तुमी हपिसात कशापायी गेल्ते? लई दिस इचारायचं हुतं. मी पाण्याचा ग्लास त्याच्या तोंडाशी धरला. त्याचं उत्तर तुमच्याकडे आहे.

दिवाळीला येईन. तोवर माझ्याबद्दल काही लिहायचं झालं तर मलाच लिहा.

तुमच्या मायेत मी आहेच, तिच्यात थोडी जागा करा.
सुश्रुत


राहुरी,
१२ ऑक्टोबर २०२५

वैजनाथ यांस,

वर काय लिहावं हे ठरेना. वयाने तुम्ही माझ्या मुलाएवढे, म्हणून चि. लिहिलं आणि खोडलं. तुम्हाला चिरंजीव म्हणायला मी कोण? कागद खराब झाला आहे, तो तसाच पाठवतो. हे पत्र तुमच्या पत्नीने वाचून दाखवलं तर बरं, तिलाही ते ऐकायचा हक्क आहे.

तुम्ही मला ओळखत नाही. मी सुश्रुतचा बाप, नृसिंह. शाळेत मराठी शिकवत होतो. सुश्रुत ऑफिसात का गेला, हे तुम्ही त्याला विचारलंत. उत्तर मी देतो. मी नीलांबरीला चोरून पत्र लिहिलं की माझ्या मुलाला भट्टीपासून लांब ने. मला वाटत होतं नळी फुटेल, पाणी थांबेल, माझा मुलगा भाजेल. हे सगळं मला दिसत होतं. म्हणजे जागा धोक्याची आहे हे मला ठाऊक होतं, आणि तरी तिथे कोण येईल हे मी विचारलं नाही. पंप वाढवा, भोंगा जागेवर आणा, असं मी एका ओळीने लिहिलं नाही. मी फक्त माझा मुलगा मागितला, आणि तो मला मिळाला.

आयुष्यभर पोरांना शिकवलं की कवितेत जो दुसऱ्याच्या दुःखाने हलतो तो खरा माणूस. ती पोरं डोळ्यांत पाणी आणून ऐकायची. मीही आणायचो.

सुश्रुत परत भट्टीवर चढला आहे. मला पूर्वीसारखीच भीती वाटते. नीलांबरीला आता मी वेगळं पत्र लिहिलं आहे, त्यात कुणाचंही नाव नाही. तिथे जो उभा असेल त्याच्यासाठी काय काय हवं, तेवढंच विचारलं आहे. ते पत्र सुश्रुतलाही दाखव, असं खाली लिहिलं आहे.

मी मंगळवारी सकाळच्या एसटीने दवाखान्यात येतो. तुम्हाला मला बघावंसं वाटलं नाही तर रेश्माताईंनी दारातूनच तसं सांगावं. मी वाद घालणार नाही, बाहेरच्या बाकावर थोडा वेळ बसेन आणि परत जाईन. मला कमी ऐकू येतं, तेव्हा त्यांनी मोठ्याने बोलावं, आणि जे मनात असेल ते सगळं बोलावं.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं मी सगळ्यांना लिहितो. तुमच्या पत्रात ती ओळ लिहीत नाही. तिची जागा मोकळी सोडली आहे.


नृसिंह