आडवा शब्द

चौल, मंगळवार संध्याकाळ

देवळाच्या उत्सवाची स्मरणिका आज आली. माझं पान उघडलं. वादळात वाडीतली पोफळ बाबांच्या अंगावर पडली, त्यावरची माझी कविता. तीत शब्द दोनच. पानभर 'पोफळ', अक्षराखाली अक्षर, झाडांसारखी उभी. आणि तळाशी एकच 'बाबा', आडवा. त्या एका आडव्या शब्दासाठी मी किती कागद फाडले! छापखान्यातल्या माणसाने तोही उभा करून टाकला. फोन केला तर म्हणतो, "ताई, सगळे शब्द उभे आणि एकच आडवा, मला वाटलं तुमची चूक. ओळीत घेतला." उपकार केल्यासारखा. मग उरलं काय? त्या पानावर कोणी मेलेलंच नाही. मी रडतेय ती बाबांसाठी की कवितेसाठी? तेही कळत नाही.

आईला दाखवलं. तिने उभ्या 'बाबा'वरून बोट फिरवलं. म्हणाली, "बरं केलंन त्याने. त्या दिवशी एवढी माणसं धावली, ह्यांना कोणाला उभं करता आलं नाही."

दुरुस्ती छापा म्हणून भांडणार होते. आता काय भांडू? आई स्मरणिका छातीशी धरून आडवी झालीय, भिंतीकडे तोंड करून.