पाच सेकंदांचा अंधार

अण्णा, काल वर्गात एका मुलीने विचारलं, मिठाच्या पाण्यातून वीज जाते ती कशी. समोर दीडशे पोरं बसली होती. मी फळ्यावर दोन आकृत्या काढल्या, चार मिनिटांत उत्तर दिलं आणि पुढच्या गणिताकडे वळले. नांदेडच्या या क्लासमध्ये कुठल्याच प्रश्नाला चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही. घरी येऊन हातावरचा खडू धुताना लक्षात आलं, हे मला पुस्तकाने शिकवलंच नव्हतं. लातूरला आपल्या स्वयंपाकघरातून तुम्ही आईच्या लोणच्याच्या दोन चिनी मातीच्या बरण्या उचलून नेल्यात, त्या दिवशी मी ते शिकले. आई म्हणाली होती, "आता लोणचं काय तुमच्या डोक्यावर घालू?" आणि तुम्ही बरणी खाकेत धरून म्हणालात, "घाल की. पण मीठ बेतानं घाल, लई झालं की पाणी उकळतंय."

दिवसभर दुकानात पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायची आणि कार्यक्रम असला की पाच जणांच्या त्या ऑर्केस्ट्राचे दिवे सांभाळायचे, असं तुमचं आयुष्य होतं. गणपतीत सिनेमाची गाणी, एप्रिलमध्ये भीमगीतं, मध्ये एखादं लग्न. पुण्या-मुंबईकडे दिवे मंद करायला बटणांच्या पेट्या असतात हे तुम्हाला ठाऊक होतं, पण तुमचं काम चार बरण्यांवर चालायचं. बरणीत मिठाचं पाणी, तळाशी शिशाची एक पट्टी, वरून दोरीला टांगलेली दुसरी. दोरी सैल सोडली की दिवा उजळायचा, वर ओढली की मावळायचा. तुम्ही गाण्याकडे लक्ष देत नव्हता, गाणाऱ्याच्या छातीकडे बघायचा. तो श्वास घेणार त्याच्या अगोदर तुमचा हात हललेला असायचा. मी नऊ वर्षांची असताना उत्साहाच्या भरात मेन खटका वर केला, तेव्हा सगळ्या ऑर्केस्ट्रासमोर तुम्ही माझ्या पाठीत धपाटा घातलात. "पाण्यात कुणाचा हात न्हाई हे डोळ्यानं बघितल्याबिगर खटका वर करायचा न्हाई. समजलं का? डोळ्यानं!" मला इतका राग आला होता की दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

मग भूकंप झाला. विसर्जनाचा कार्यक्रम संपवून आलेलं सामान अजून टेम्पोतच होतं. सकाळी तुम्ही तोच टेम्पो, तेच दिवे आणि जनरेटर घेऊन किल्लारीच्या बाजूला गेलात आणि तिसऱ्या दिवशी दुपारी आलात. आईने ताट वाढलं. तुम्ही भाकरी मोडली आणि तशीच हातात धरून सांगत बसलात. मी पिठाच्या डब्याआड बसून ऐकत होते हे तुम्हाला कधी कळलं नाही. एका पडलेल्या घराखालून एका बाईचा आवाज येत होता. माणसं दगड काढत होती, तुम्ही उजेड धरला होता. तेवढ्यात पाऊस आला. तापलेल्या काचेवर थेंब पडला की दिवा फुटतो, म्हणून रोजच्या सवयीने तुम्ही दिवे घालवलेत आणि वर पत्रा बांधायला घेतलात. खालून ती म्हणाली, "लाईट घालवू नगा." तुम्ही ओरडलात, "लावून राहिलो माय, लावून राहिलो." पत्रा बांधून दिवे लावले, तेव्हा तिने ओ दिली नाही. आई म्हणाली, "तिचं भरलंच असंल हो. दिव्यानं काय होतंय?" तुम्ही भाकरी परत टोपलीत ठेवलीत आणि हात धुवायला गेलात, जेवलेल्या माणसासारखे.

त्यानंतर तुम्ही चौथ्या बरणीच्या दोरीला एक गाठ मारलीत. ती गाठ कप्पीत अडकायची, त्यामुळे पट्टी पाण्याबाहेर येतच नसे आणि कितीही ओढलं तरी एक दिवा निखाऱ्याएवढा जळत राहायचा. ऑर्केस्ट्राचे मास्तर, म्हणजे शाळेत संगीत शिकवणारे आणि स्टेजवर की-बोर्ड वाजवणारे आपले मास्तर, आधी समजुतीने बोलले, मग चिडून. दुःखाचं गाणं संपलं की पुरा अंधार व्हावा, मग टाळी पडावी, हा त्यांचा हिशोब. तुमचं उत्तर ठरलेलं, "पुरा अंधार व्हायचा न्हाई, मास्तर." लोकांना गाठीची गोष्ट माहीत नव्हती. त्यांना वाटायचं, अण्णाच्या बरण्या आता म्हाताऱ्या झाल्या.

दहा-बारा वर्षांत लातूर ओळखू येईना. जिथे गाणी व्हायची ते हॉल पोरांच्या बाकांनी भरले, गल्लोगल्ली मेस आणि होस्टेलं झाली, आणि मीही त्याच लाटेत शिकून एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागले. आमच्या क्लासच्या संचालकांनी गुणवंतांचा सत्कार ठरवला आणि लाईव्ह ऑर्केस्ट्रा हवा म्हणाले, तेव्हा मीच तुमचं नाव पुढे केलं. त्यांना एकच हौस होती. पुरा अंधार व्हावा, पाच सेकंद, आणि मग एकदम झगझगीत उजेडात पोरं स्टेजवर यावीत. मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तू समजावून सांग बापाला. ह्या टायमाला अंधार झाला न्हाई तर मला दुसरा माणूस बघावा लागंल. मला काय गोड वाटून राहिलं का हे सांगायला?" मी तुम्हाला समजावलं. तुम्ही कान कोरत ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "व्हायचा न्हाई." ऑर्केस्ट्रातून तुम्हाला काढलं तर तुम्ही दुकानाच्या फळीवर बसून नुसते वाळून जाल, हे मला दिसत होतं. त्याशिवाय मी फिजिक्सची बाई. अंधार म्हणजे उजेड नसणं, त्यात घाबरायचं काय, एकदा होऊन गेला की तुमची भीतीही जाईल, असं मला अगदी मनापासून वाटलं. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते मी. तुम्हाला न सांगता मेन खटकाच पाडायचा, असं ठरवलं.

दुपारची वेळ. खिडक्यांना काळे पडदे, हॉल पोरांनी गच्च. पडद्यामागे भिंतीवर मेन खटका आहे, तुमचं टेबल तिथून चार पावलांवर. मास्तर अंधाराची खूण म्हणून मान हलवतात. मी खटका खाली पाडते. पोरं आनंदाने शिट्ट्या मारतात. एक, दोन, तीन. आणि मला तुमचा आवाज ऐकू येतो, "लावून राहिलो माय, लावून राहिलो." पाणी डचमळल्याचा आवाज येतो. तुम्ही बरण्यांत हात घातलेत, पट्ट्या खाली दाबताय, आणि माझी बोटं खटक्यावर आहेत आणि मी तो वर करू शकत नाही. "अण्णा, हात काढा!" मी ओरडते, पण ढोलकी आणि शिट्ट्यांत ते मलाच ऐकू येत नाही. पाच सेकंद होतात, दहा होतात, वीस होतात. तुम्ही बोलवताय त्या ढिगाऱ्याखालच्या बाईला, आणि मी चार पावलांवर पुतळ्यासारखी उभी. जागची हलले आणि दुसऱ्या कुणी खटका वर केला तर, म्हणून तुमच्यापर्यंत यायचीही सोय नाही. अण्णा, इतकी हतबल मी तुम्ही गेलात तेव्हाही नव्हते. शेवटी कुणा शिपायाने मागचं दार उघडलं, ऊन आत आलं आणि मनगटापर्यंत पाण्यात बुडालेले तुमचे दोन्ही हात मला दिसले. मी येऊन ते बाहेर काढले, माझ्या ओढणीला पुसले, मग जाऊन खटका वर केला. टाळ्यांचा कडकडाट झाला. संचालक खूश, मास्तर खूश. तुम्ही विचारलंत, "लाईट गेली होती का गं?" मी म्हणाले, "हाव."

तुम्ही समोरच्या झेरॉक्सवाल्याला विचारून आलात. त्याची लाईट गेलेली नव्हती. मग तुम्ही ठरवून टाकलंत की जोड तुमचाच सुटला. आठवडाभर बोर्ड उघडून एकेक वायर तपासत बसलात. सुटलेला जोड सापडेना, तर डोळ्यांना दिसत नसेल म्हणालात. मास्तर घरी येऊन तारीफ करून गेले, पुढच्या कार्यक्रमाची तारीख सांगून गेले. तुम्ही म्हणालात, "न्हाई मास्तर. आता माझ्या हाताचा भरवसा न्हाई राहिला." मी तिथेच चहाचे कप घेऊन उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी कप ठेवले आणि आत गेले.

नंतर माझी नोकरी नांदेडला आली आणि तुम्हाला मी इथल्या दवाखान्यात आणलं, तेव्हा शेवटच्या दिवसांत तुम्ही पुन्हा विचारलंत. "त्या दिवशी माझंच चुकलं होतं का गं?" मी तुमच्या उशाशी मोसंबी सोलत होते. म्हणाले, "न्हाई अण्णा, लाईटच गेली होती." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, बापाचं मन राखायला पोरगी खोटं बोलून राहिली अशा नजरेने, आणि माझ्या हातावर थोपटलंत. ते थोपटणं मला अजून सहन होत नाही.

तर खटका मी पाडला होता. तुमचा जोड पक्का होता, सगळेच जोड पक्के होते. एवढंच लिहायला बसले होते. हा कागद कुठे पाठवायचा नाही म्हणूनच लिहिता आलं. आणि खरं सांगते, आज तुम्ही समोर येऊन बसलात आणि पुन्हा तेच विचारलंत, तर मी मोसंबीवरची नजर वर न करता म्हणेन, लाईटच गेली होती, अण्णा.