नारळापाशी आपला माणूस

आबा,

तुम्हाला लिहायचं लिहायचं म्हणत पाच वर्षं टाळलं. वही घेतली की दुसरंच काहीतरी सुचतं. आजही कुपवाडच्या या शेडमध्ये बसल्यावर आधी दाराचं कुलूप दुरुस्त केलं, मग चहा ठेवला. साताऱ्यातली नोकरी सोडली, आटपाडीत दोन महिने बोअरच्या गाडीवर होतो, ते सगळं राहू दे.

मी नारळ फेकायचं यंत्र केलंय. टेम्पोच्या स्प्रिंगचे पाटे, जुना जॅक, लांब पाइप आणि टोकाला नारळ बसेल एवढी लोखंडी वाटी. गावच्या यात्रेत यंदा हातफेकीबरोबर यंत्रफेकही ठेवलीय. नियम तेच. ठरलेलं अंतर कमीत कमी फेकींत गाठायचं, नारळ थांबेल तिथून पुढची फेक, आणि नारळापाशी आपला माणूस उभा पाहिजे. त्यानं हात लावला की फेक बाद. परवा माळावर एकट्यानं चाचणी घेतली. नारळ असा गेला की दुपारभर बाभळी धुंडाळल्या, सापडला नाही. सोडणारा मी, बघणाराही मीच, दुसरं काय होणार. यात्रा उद्यावर आलीय. शेडमधल्या तिघांना विचारलं, तिघांनाही ड्यूटी आहे. खरं तर नीट विचारलंच नाही. 'माझ्या नारळापाशी थांब' म्हणताना माझी जीभ अडते.

तुमचा माणूस मी असायचो. सतरा वर्षांचा घोडा झालो होतो. तुमची शेवटची फेक झालीय, ती धरली तर आपण जिंकलोय. मी नारळापाशी उभा आहे, तुम्ही लांबून टॉवेल झटकत चालत येताय. तेवढ्यात समोरच्या गटातला म्हातारा ओरडतो, पोरानं उचलला. तुम्ही माझ्याकडं बघता, मी मान हलवून नाही म्हणतो. मग तुम्ही सगळ्यांसमोर त्याला म्हणालात, "माझं पोरगं लय उंडगं हाय, पर लबाड न्हाई." त्यावरून हातघाई झाली, फेक बाद झाली ती झालीच, आणि तुम्ही परत कधी नारळ हातात घेतला नाहीत.

उचलला होता, आबा. आत पाणी किती आहे ते कानाशी हलवून बघत होतो, एवढंच. तुम्ही असताना सांगायला पाहिजे होतं.

थांबा, दारात आई आलीय. एसटीनं, एकटीच. तिला यंत्राचं कुणी सांगितलं कोण जाणे. आपल्याकडं बायका फेकीच्या माळावर येत नाहीत, तुम्हीही तिला कधी येऊ दिलं नव्हतं. पिशवी खाली न ठेवताच यंत्राभोवती एक फेरी मारून झालीय तिची, आणि आता विचारतेय, "उद्या कुठं उभी ऱ्हाऊ रं?"