पेटी नंबर एक्केचाळीस

दम्माम
३ फेब्रुवारी १९९१

रुकय्याआपास इमादचा सलाम. मी खुशाल आहे, तुम्हीही असाल अशी दुआ करतो. हल्ल्याचा भोंगा वाजला की गॅसचा मास्क लावायचा, थांबला की परत पेट्या ठोकायच्या. काळजी करू नकोस.

तुझं पत्र मिळालं.

आमचा ट्रकवाला इद्रिस मिसरचा. त्याच्याकडे एक चित्राचं कार्ड आहे. स्पेनमधल्या मोठ्या शहरातली बाग, आणि बागेत त्याच्या मुलखातलं देऊळ! दोन हजार वर्षांचं. नाईलवर धरण झालं तेव्हा बुडणार होतं. मग साहेबलोकांनी एकेक दगड सोडवला, त्यावर नंबर घातला, बोटीतून नेला, तिकडे परत रचला. मी विचारलं, "आणि तुमची घरं?" तर हसतो कसा! "घर मातीचं. मातीला नंबर कोण घालतो? गाव पाण्यात, आम्ही वाळवंटात."

आपा, माझं डोकंच फिरलं. दगडाची एवढी इज्जत!

इथे तरी काय वेगळं? मिसाइलं पडू लागली तसा आमचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, जिद्दाला पळाला. सामान भरलं कुणी? मी. झुंबर, गालिचे, त्याचा पाळलेला ससाणासुद्धा. म्हटलं, "आणि आम्ही?" म्हणाला, "तुम्ही गोदाम सांभाळा." गोदामात उरणार काय, उंदीर?

तू लिहिलंस, अब्बा दाराकडे बघत पडून असतात, डॉक्टरने हात टेकले, आणि इमादला लढाईचा तमाशा बघायचाय. तसं नाही गं.

नंबर घालायचं काम माझं. चौथी नापास, पण आकडे छापल्यासारखे. कफीलने पाठ थोपटली, मी फुगलो. एक्केचाळीस नंबरची पेटी चौघांनी उचलली. आत तिजोरी. आमचे पासपोर्ट तिच्यातच असतात, हे मला माहीत होतं. पण मी आकडा सुबक काढत बसलो. ट्रक वळणावर गेला तेव्हा आठवलं. दोन दिवसांनी तुझं पत्र आलं.

गुरुवारी इद्रिस शेवटचा माल घेऊन जिद्दाला निघतोय, चौसष्ट नंबरपर्यंतच्या पेट्या. वाटेत पोलीस कफीलचं परवानगीचं पत्र मागतात, माझ्याकडे नाही. इद्रिस म्हणाला, "धरलं तर?" म्हटलं, "मलाही पेटी समज." कफीलच्या दारात उभा राहून पासपोर्ट मागणार. दिल्याशिवाय हलणार नाही.

हे पत्र गावी निघालेल्या आपल्या बाणकोटच्या हुसेनमियाँच्या हाती देतोय. त्यांचा कफील भला, त्याने पासपोर्ट हातात ठेवला.

अब्बांना सांग, दगड पोचला, मीही पोचेन. तोवर दार लोटू नका.

तुझा, पासष्टावा,
इमाद