लग्नातला हिरवा खण

२ एप्रिल
पोचले बाई एकदाची! पुण्याहून हैदराबाद, विद्यानगर. लग्नानंतर आदित्य नोकरीसाठी इकडे आणि मी तिकडे. आता कुठे आमचा संसार सुरू झाला. गॅलरीतून मागची जुनी बावडी दिसते, जाळी घातलेली विहीर. तळमजल्यावर घरमालकीण तारामतीकाकू, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच मराठी. त्यांनी खट्टी दाल पाठवली, वर निरोप की काय लागलं तर सांग, शरमू नक्को. मी जाम खूश आहे.

५ एप्रिल
वरच्या मजल्यावर निशिगंधा राहते. एकटीच. केस कायम ओले आणि रूप असं की आदित्य लिफ्टचं बटण दाबायचं विसरला. तिची भाजीची पिशवीही हाच उचलतो! माझ्या पिशवीला कधी हात लावला नाही. विचारलं तर म्हणतो, शेजारधर्म. डोंबलाचा शेजारधर्म.

९ एप्रिल
काकूंकडे तिचा विषय काढला. आवाज खाली करून म्हणाल्या, ती बाई नाही, आसरा आहे, पाण्यातल्या सात बहिणींपैकी एक. शहरातल्या बावड्या बुजल्या, वर इमारती आल्या, बिचाऱ्या जातील कुठे? कुणी मलकपेठला, कुणी हिमायतनगरला, अशा भाड्याने राहतात. त्रास देत नाहीत. हळदीकुंकवाला बोलव, फक्त ओटी कोऱ्या खणाने भर. आपल्या ओटीतलं तिला दिलं तर आपला संसारही तिच्याकडे जातो.
मला हसूच आलं. आसरा म्हणे! दुसऱ्याच्या नवऱ्यावर डोळा ठेवणाऱ्या बायका पुण्यातही पाहिल्यात मी.

११ एप्रिल
चैत्रातलं हळदीकुंकू केलं. आंब्याची डाळ, पन्हं. त्या सटवीलाही बोलावलं. बघू दे घर कोणाचं आहे ते. तिच्यासाठी नवा खण आणायला जीव होईना. ब्लाउजपीस काय, सगळ्याच बायका इकडचे तिकडे फिरवतात. कपाटातल्या ढिगातला वरचा उचलला आणि तिची ओटी भरली. ती हसली. आदित्यने पन्ह्याचा ग्लास स्वतः तिच्या हातात दिला. माझा नुसता जळफळाट झाला.

१२ एप्रिल
कपाट आवरताना लक्षात आलं. तो माझ्या लग्नातला खण होता, आईने ओटीत घातलेला. देवा, काय करून बसले! परत मागायला वर गेले. दार उघडलं नाही. आत कुणीतरी माझ्याच आवाजात गुणगुणत होतं.

१४ एप्रिल
ती लिफ्टमध्ये भेटली. अंगात हिरव्या खणाचं ब्लाउज. केस कोरडे. भुवईवर माझ्यासारखाच व्रण. माझे केस मात्र वाळतच नाहीत — टॉवेल, ड्रायर, कशानेच —

१६ एप्रिल
आदित्यने मला ‘आप’ म्हटलं. कुठल्या मजल्यावर जायचंय विचारलं. माझी पिशवी उचलली, किती अदबीने. आणि लाज सोडून लिहिते — मला आवडलं.

१७ एप्रिल
आमच्या दाराला माझी किल्ली लागेना. वरचं दार उघडंच होतं. काकूंकडे धावले. त्यांनी आत घेतलं नाही — उंबऱ्यातूनच माझी ओटी भरली — कोऱ्या खणाने —

१८
वरच आहे. खालून फोडणीचा वास, माझ्याच आमटीचा. आदित्य माझ्या नावाने हाक मारतोय, मृण्मयी, मृण्मयी. मी ओ देते — आवाज नाही, तोंडातून पाणी — खालून ती ओ देते. तो हसला. माझ्याशी असा कधी हसला नाही मेला! झिंज्या उपटीन तिच्या —
बावडीची जाळी कुणी उघडली — बायका वर बघताहेत — सहाजणी — मधे जागा करून — नाही, मी त्याची बायको, मी