बाबांच्या गाडीचं दार

मालवण, मार्च २००४, मंगळवार

धाकटा भाऊ आज भंगारवाल्याला घेऊन आला. परसाचं लोखंडी दार विकायचं म्हणतो. महायुद्धात जपानी किनाऱ्यावर उतरतील या धास्तीने बाबांनी ट्रकच्या चासीवर जाड पत्रे ठोकून चिलखती गाडी केली होती, तिचं हे दार. मधोमध बंदुकीपुरती फट.

"ताये, ती गाडी कधी लढली तरी गो?"

नाही लढली. जपानी आलेच नाहीत. गाव बाबांना हसला. म्हणून काय बाबांची मेहनत भंगार?

मी परसात शिरले, दाराला आतून कडी घातली आणि त्या फटीतून दोघांना सांगितलं, "दार मी देवचंय नाय. वाटेक लागा."

गेले मुकाट्याने.

बाबा, लढली हो तुमची गाडी.